भट्टी किती दिवस पेटवायची

सास्तुरात वीट घेताना लोक दोन विटा एकमेकींवर आपटून बघतात. बब्रुवान आपटत नाही. वीट डाव्या तळहातावर ठेवतो, उजव्या बोटानं टिचकी मारतो आणि कान देतो. आवाज खणखणीत आला तर वीट खाली ठेवतो, बद्द आला तर काही न बोलता बाजूला सारतो. बेचाळीस हंगाम त्यानं हेच केलं. गुडघे गेले तसं चार वर्षांपूर्वी काम सोडलं, पण कानाची सवय सुटली नाही. माणसाचंही तो आधी ऐकून घेतो. आवाज बद्द वाटला की उठून जातो.

माती मळणं, विटा पाडणं, रचणं ही कामं अंगात जोर असला की येतात. भट्टी लावणं तसं येत नाही. कच्च्या विटांचा पुरुषभर उंच ढीग रचायचा, बाहेरून चिखलानं लिंपायचा, पायथ्याला चार तोंडं ठेवायची आणि तोंडांतून रात्रंदिवस लाकूड घालायचं. पेटवायला अक्कल लागत नाही, असं बब्रुवान म्हणतो, काडी असली की झालं. अक्कल लागते ती बंद कधी करायचं ह्याला. आतल्या विटा भाजत आल्या की आक्रसतात आणि भट्टीचा माथा खाली बसू लागतो. तो वीतभर बसला की चारही तोंडं लिंपून टाकायची. वीत म्हणजे बब्रुवानची वीत. त्याच्या आत बंद केली तर विटा कच्च्या, त्याच्यापुढं जाळ चालू ठेवला तर विटा वितळून एकमेकींना चिकटतात. त्या वितळलेल्या काळ्या गोळ्याला खंगर म्हणतात. भट्टीवाल्याची लाज काढायची असेल तर त्याच्या दारात खंगर नेऊन ठेवतात. बब्रुवानच्या दारात कुणाला ते ठेवता आलं नाही.

काम त्याला आईनं शिकवलं. नागूबाई दिवसाला सातशे विटा पाडायची. वाळताना एखादी वीट मोडली तर फेकायची नाही. पाणी मारून परत चिखलात घालायची, मळायची, परत पाडायची. बाकीच्या बाया हसायच्या. "मळलीय म्या. टाकीन कशी?" एवढंच ती म्हणायची आणि पुढच्या विटेला लागायची.

सून तिला ख्रिस्ती मिळाली. दैवशाला तामलवाडीची, आज्यापासून त्यांचं घर मंडळीतलं. लग्न जमवताना दोन्हीकडच्या लोकांनी नाकं मुरडली. नागूबाईनं फक्त पोरीचे हात बघितले, त्यांना घट्टे होते. तिचं तेवढ्यावर भागलं. दर रविवारी ती सुनेला प्रार्थनेला पोचवायची आणि बाहेर लिंबाखाली मिश्री घासत बसायची. आत कधी गेली नाही. पण आतल्या माणसांच्या चपला राखायची. तिच्या हयातीत मंडळीतली एक चप्पल हरवली नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपात ती गेली. गणपती बुडवून आलेला बब्रुवान बाहेर बाजेवर आडवा झालेला. आत सासू आणि सून. पहाटे जमीन हलली तशी नागूबाईनं दैवशालाला दोन्ही हातांनी दाराबाहेर ढकललं. तिला स्वतःला उंबरा ओलांडायला वेळ मिळाला नाही. भिंत दगडमातीची होती. जन्मभर विटा पाडणाऱ्या बाईच्या घरात भाजलेली वीट एकही नव्हती.

नवीन गावठाणात घर मिळालं. रविवारी लिंबाखाली बसण्याचं काम बब्रुवानकडं आलं. तीस वर्षं तो बाहेर बसला. दैवशालाचं एकच म्हणणं होतं, "बाप्तिस्मा घ्या. मेल्यावर तरी एका ठिकाणी ऱ्हाऊ." तो म्हणायचा, बघू. मागच्या नाताळात तिला धाप लागली. तीन दिवस दवाखान्यात नळ्या लावून ठेवलं. घरी आणली त्या दिवशी तिनं काही विचारलं नसताना तो म्हणाला, "घेतो."

मंडळीला वर्षापूर्वी नवा पास्टर मिळाला होता. नाव रामलिंग, वाशी तालुक्यातला. बाप मेंढरं राखणारा. पोरगा शिकला, प्रभूकडं वळला आणि पुण्याला दोन वर्षं शिक्षण घेऊन पास्टर झाला. वय बत्तीस. येताना त्यानं दोन स्पीकर आणि कानाला लावायचा माइक आणला. मंडळी एकोणीस घरांची, प्रार्थना हिंमतरावाच्या पत्र्याच्या पडवीत. पास्टर यायच्या आधीही सगळ्यांना ऐकू येत होतं. आता शेजारच्या वस्तीलाही येऊ लागलं. त्याच्या खोलीत एक खुर्ची होती. तिच्यावर बापाची घोंगडी घडी घालून ठेवलेली. पाहुणा आला तर तो त्याला जमिनीवर बसवायचा, पण घोंगडी हलवायचा नाही.

बाप्तिस्म्याआधी शंकानिरसन करायचं, असा सोलापूरच्या मुख्य कचेरीचा नियम होता. त्याचा छापील फॉर्म होता. फेब्रुवारीच्या एका दुपारी पास्टर फॉर्म घेऊन बब्रुवानच्या घरी आला. बरोबर हिंमतराव. हा मंडळीतला वडीलधारा माणूस. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होता आणि अजूनही उभं राहताना एक हात वर दांडी शोधतो.

पास्टरनं पिशवीतून एक रंगीत चित्र काढलं. प्लॅस्टिक चढवलेलं. वर ढग आणि पांढऱ्या कपड्यातली माणसं. खाली आग. आगीत हात वर करून उभी असलेली माणसं, आणि कडेला भाले घेतलेले शिंगवाले. बब्रुवाननं चित्र उजेडाकडं धरलं आणि बराच वेळ बघितलं. पास्टरला वाटलं, परिणाम झाला.

"ही आग कच्ची हाय," बब्रुवान म्हणाला.

"म्हणजे?"

"धुराचा जाळ हाय. ह्यात नुसती काजळी धरती. भाजायचं म्हणलं तर धूर संपून जाळ स्वच्छ व्हावा लागतो. आन् ह्या लोकांच्या डोक्यावर केस हायेत. किती दिवस झाले ह्यांना?"

"काका, ते चित्र आहे."

"ते कळतंय मला. ही शिंगवाली कोण?"

"सैतानाचे दूत."

"ह्यांची पाळी कवा बदलती?"

"पाळी?"

"भट्टीच्या तोंडाशी माणूस घटकाभर टिकतो. मग दुसरा लागतो. ही तर आतच उभी हायेत. मग शिक्षा कुणाला चाललीय? आणलेल्यांना का कामावरच्यांना?"

हिंमतराव खोकला. पास्टरनं चित्र परत घेतलं.

"लाकूड कोण पुरवतं?" बब्रुवाननं विचारलं.

"लाकूड लागत नाही. ती कधी न विझणारी आग आहे."

"कधीच?"

"अनंतकाळ."

"आन् ही देवानं केलीय."

"देव न्यायी आहे, काका."

"गेल्या रविवारी तुमी सांगितलं, देवाची माया आईपेक्षा जास्त हाय. लिंबाखाली ऐकू आलं मला. स्पीकर चांगला हाय."

"दोन्ही खरं आहे. देव प्रेम करतो. पण कुणावर जबरदस्ती करत नाही. माणूस स्वतः निवड करतो."

"वीट आपल्या पायानं भट्टीत जाती व्हय?"

"पास्टर," हिंमतराव मध्ये पडला, "तसं बघितलं तर माझी गाडी किती जणांची चुकली. त्यांना मागची गाडी यायची. म्या काय स्टँड पेटवून दिला न्हाय."

पास्टरनं हिंमतरावाकडं असं बघितलं की हिंमतरावानं हात खाली घेतला.

"माझी एकच शंका हाय," बब्रुवान म्हणाला. "लिहून घ्या. माझी आई कुठं हाय?"

पास्टरनं फॉर्म मांडीवर सरळ केला. त्याला उत्तर पाठ होतं. पण पाठ केलेलं उत्तर समोर बसलेल्या माणसाला द्यायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"त्यांनी प्रभूला स्वीकारलं नव्हतं. शास्त्र स्पष्ट आहे."

"नाव घेऊन सांगा."

"नागूबाई," पास्टर म्हणाला, आणि बोटानं चित्राचा खालचा भाग दाखवला.

दैवशाला चहा घेऊन दारात आली होती. तिनं ताट जमिनीवर ठेवलं. घ्या म्हणाली नाही. बब्रुवान गुडघ्यावर हात रेटून उठला.

"मग माझं नाव खोडा. म्या खालीच जातो. तिथं जाळाचं काम कुणाला येत न्हाय, चित्रावरनं दिसतंय."

पास्टरनं फॉर्मवर लिहिलं : शंका आहे. निरसनाची जागा कोरी राहिली.

दोन दिवस दैवशाला बोलली नाही. भाकरी वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि भिंतीकडं बघायची. तिसऱ्या दिवशी तिनंच तोंड उघडलं.

"आत्याबाईनं ढकललं नसतं तर म्या बाप्तिस्म्यासकट गाडले गेले असते. मला ठावं न्हाय व्हय? तीस वर्षं रोज प्रार्थनेत तिचं नाव घेते म्या. गेलेल्यांसाठी मागायचं नसतं म्हणतात. पास्टरला ठावं न्हाय. देवाला ठावं हाय, त्यानं आजवर गप बस म्हणलं न्हाय."

"मग ती कुठं हाय म्हणतीस?"

"ठावं असतं तर नाव कशाला घेतलं असतं?"

"तू वर जाशील," बब्रुवान म्हणाला. "ती खाली. मग म्या कुणीकडं जाऊ?"

तिनं पदरानं चुलीसमोरची राख पुसली, जिथं राख नव्हती.

आता मंडळीची अडचण अशी, की प्रार्थनेची खोली बांधायची होती आणि विटा घरच्या घरी पाडायच्या ठरल्या होत्या. हिंमतरावाच्या रानात माती होती. एकोणीस घरांची माणसं पंधरा दिवस चिखलात वाकली तेव्हा बारा हजार विटा झाल्या. भट्टी लावणारा सबंध मंडळीत कुणी नव्हता. बाप्तिस्मा न झालेल्या, नरकाची जागा स्वतः मागून घेतलेल्या माणसाकडंच जावं लागलं. बब्रुवान आला. रुसवा माणसांशी असतो, कामाशी नसतो, हे त्याचं धोरण. त्यानं बाजेवर बसून भट्टी रचून घेतली. एक थर वाकडा वाटला म्हणून सगळा उतरवून परत रचायला लावला. ज्यांचे बाप्तिस्मे लहानपणीच झाले होते ते कंबर धरून शिव्या देत होते.

मंगळवारी भट्टी पेटली. नेमकी गुरुवारी बब्रुवानच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख आली. सोलापूरला जायचं, चार दिवस राहायचं. त्यानं आपल्या वितीएवढी काडी तोडली. भट्टीशेजारी बांबू रोवून माथ्याच्या उंचीवर खूण केली.

"माथा ह्या खुणेपासून काडीभर खाली गेला की तोंडं लिंपायची," तो पास्टरला म्हणाला. "शुक्रवारी दुपारपर्यंत जाईल. एक लाकूड जास्त न्हाय."

"काळजी करू नका, काका," पास्टर म्हणाला. भट्टीची जबाबदारी त्यानं स्वतः मागून घेतली होती. बब्रुवान घरी न जाता वाटेतच वळून दोनदा परत आला आणि दोनदा तेच सांगून गेला.

शुक्रवारी दुपारी माथा काडीभर खाली बसला. हिंमतरावानं चिखल कालवून ठेवला होता. पण पास्टर तोंडासमोर उभा होता आणि आतल्या लालबुंद विटांकडं बघत होता. एवढं जिवंत चित्र त्याला पुण्यात कुणी दिलं नव्हतं.

"रविवार होऊ द्या," तो म्हणाला. "मंडळी इथं आणू. एकदा डोळ्यांनी बघितलं की कुणाला शंका राहणार नाही."

"बब्रुवान म्हणला हुता..."

"दोन दिवस जास्त भाजल्या तर जास्तच पक्क्या होतील ना."

हिंमतरावानं तीस वर्षं ड्रायव्हरचं ऐकलं होतं. त्यानं पास्टरचंही ऐकलं.

रविवारची उपासना भट्टीसमोर झाली. विषय होता देवाचं प्रेम. जवळ कुणाला उभं राहवेना, म्हणून मंडळी मागं सरत सरत ज्वारीच्या रानात गेली. पास्टर मात्र तोंडाशी उभा राहून बोलत होता. अर्ध्या उपदेशात माइकची वायर वितळली. पुढचा अर्धा उपदेश कुणाला ऐकू आला नाही. त्या गडबडीत तोंडं लिंपायची राहून गेली. घरी जाताना मंडळीतली शिवकांताबाई म्हणाली, आजचा उपदेश सगळ्यात चांगला झाला.

सोमवारी दुपारी बब्रुवान डोळ्याला काळा चष्मा लावून एसटीतून उतरला. स्टँडवरूनच त्याला धूर दिसला. सोमवारी त्या भट्टीतून धूर निघायचं काही कारण नव्हतं. दैवशाला म्हणाली, आधी घरी चला. तो रानाकडं वळला होता. दुखऱ्या गुडघ्यांनी तो एवढा झपझप चालला की तिला मागून पळावं लागलं.

भट्टीपाशी पोचल्यावर त्यानं आधी बांबूकडं बघितलं. माथा हातभर खाली गेला होता, तोही एका बाजूला. त्यानं कालवून वाळलेल्या चिखलात पाणी ओतलं आणि चार तोंडं स्वतः लिंपली. मग घरी जाऊन झोपला.

भट्टी थंड व्हायला चार दिवस गेले. शुक्रवारी सकाळी उघडायला सगळी मंडळी जमली. हिंमतरावानं वरचा थर काढला. विटा फिक्या निघाल्या, काही तर मातीच्याच रंगाच्या. खाली गेले तशी पहार लागेना. तळाचे थर वितळून एक झाले होते. काळा-हिरवा, काचेसारखा चमकणारा, खाटेएवढा एकेक गोळा. तळ वितळून बसल्यामुळं जाळाच्या वाटा बंद झाल्या आणि वर काही पोचलंच नाही. जवळच्या जळून गेल्या, लांबच्या कच्च्या राहिल्या. धड निघाल्या त्या मधल्या दोन-तीन थरांतल्या.

बाया तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांची कंबर त्या ढिगात होती. कुणी पास्टरला बोललं नाही. पास्टरला बोलायचं नसतं, असा तिथला रिवाज. सगळे आपापल्या घराकडं गेले आणि तिथं बोलले.

बब्रुवान बाजेवर बसून राहिला. पास्टर पहार हातात घेऊन उभा होता.

"पास्टर, ह्यातली एक वीट मला काढून द्या," बब्रुवान म्हणाला.

पास्टरनं पहार घातली. जोर लावला. शर्ट भिजला. विटेचा कोपरासुद्धा सुटा झाला नाही.

"ऱ्हाऊ द्या. पेटवली तवा बारा हजार हुत्या. त्या गोळ्यात आता कोण कुठली ते तिच्या आईलाबी कळायचं न्हाय."

"काका, मला वाटलं, जास्त जाळानं..."

"भाजायचं कशापायी?"

"पक्की व्हायला."

"पक्की झाल्यावर?"

"बंद करायचं."

"आन् बंद केलंच न्हाय तर?"

पास्टर त्या काळ्या गोळ्याकडं बघत राहिला.

"म्या अडाणी हाय," बब्रुवान म्हणाला. "मला माया कळती ती माती मळायची. ज्यानं मळलीय त्यो जाळ मोजून लावतो. न मोजता लावणाऱ्यानं ती मळलेली नसती, दुसऱ्या कुणी मळलेली असती. तुमी ह्यात किती चिखल तुडवला, पास्टर?"

पास्टरनं एकही दिवस तुडवला नव्हता. तो त्या पंधरा दिवसांत कामावरच्या लोकांना स्तोत्रं म्हणून दाखवत होता.

"शास्त्रात आग आहे, काका," तो हळू म्हणाला. "मी ती पुसू शकत नाही."

"पुसू नका. आग न्हाय असं म्या कुठं म्हणतो? आगीबिगर वीट हुती व्हय? म्या इचारतोय, तोंडं लिंपणारा कोण, आन् कवा लिंपणार. ते ठावं हाय का तुमाला?"

पास्टरनं पहारेवरची माती नखानं खरवडली.

"तुमचे वडील कवा गेले?"

"मी पुण्याला होतो. शेवटच्या वर्षाला." पास्टरनं पहार खाली ठेवली. "मल्हार नाव त्यांचं. मी सुट्टीला गेलो की रानात त्यांच्यामागं फिरून प्रभूचं सांगायचो. ते ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, तुझा देव मेंढरं राखतो ना, मग बरा माणूस असंल. पण स्वीकारलं नाही."

"त्यांना कुठं ठेवलंय तुमी?"

पास्टर शर्टाच्या बाह्या खाली ओढू लागला.

"त्या चित्रात तुमी मला माझी आई दाखवली. त्यांना दाखवा की. खुर्चीवर घोंगडी घालून कुणाची जागा धरून ठेवलीय? आमाला तर जमिनीवर बसवता."

पास्टर उकिडवा बसला. त्यानं राखेत बोटानं रेघा ओढल्या.

"मला माहीत नाही, काका," तो म्हणाला.

बब्रुवाननं कान दिला होता. वर्षभरात ह्या माणसाचा हा पहिला आवाज त्याला खणखणीत वाटला.

"हेच रविवारी सांगा. तेवढं सांगितलं तर बाप्तिस्मा घेतो."

"मंडळी काय म्हणेल? सोलापूरला कळलं तर?"

"बारा हजार विटा का बिघडल्या ते तर सांगावंच लागंल. त्याच्या मागनं सांगून टाका. लोक विटांवरच चिडलेले असतील, ह्याच्याकडं ध्यान जायचं न्हाय."

रविवारी पास्टरनं माइक लावला नाही. वायर तशीही वितळलेली होती. विटांची चूक माझी आहे, असं तो म्हणाला. मग म्हणाला, नागूबाई कुठं आहे हे मी सांगितलं होतं, ते मला माहीत नव्हतं. माझे वडील कुठं आहेत तेही माहीत नाही. देव प्रेम करतो हे माहीत आहे. आगीचं शास्त्रात आहे. ह्या दोन्हींच्या मध्ये काय आहे ते देव बघेल. भट्टी त्याची आहे. एवढं बोलून तो खाली बसला.

बब्रुवान लिंबाखाली होता. माइक नसूनही त्याला सगळं ऐकू आलं.

बब्रुवानचा अंदाज मात्र चुकला. लोकांचं ध्यान विटांवर राहिलं नाही. हिंमतराव म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षं आमी भ्यालो ते फुकट?" शिवकांताबाई तर प्रार्थना न करताच उठली. तिची जाऊ राजेश्वरी नरकात जाणार, ह्या एका आधारावर तिनं वीस वर्षं एका अंगणात काढली होती. "आता माहीत न्हाय म्हणून कसं चालंल?" ती पास्टरला म्हणाली. "एक काही तरी पक्कं सांगा." पास्टरनं सांगितलं नाही. दोन रविवार ती आली नाही, तिसऱ्या रविवारी आली.

बाप्तिस्मा लगेच होण्यासारखा नव्हता. डोळ्याच्या डॉक्टरनं दीड महिना डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. तेवढ्यात बब्रुवाननं दुसरी भट्टी लावायला काढली. ह्या खेपेला चिखल पास्टरनं तुडवला. पहिल्या दिवशी त्याच्या पोटऱ्या भरून आल्या, तिसऱ्या दिवशी टाचा फुटल्या. आठव्या दिवशी वाळत घातलेली एक वीट त्याच्याच पायाखाली मोडली. त्यानं इकडं तिकडं बघितलं, तुकडे गोळा केले आणि परत चिखलात नेऊन घातले. बब्रुवान काळ्या चष्म्यातून बघत होता. पास्टरला कुणी हे शिकवलं नव्हतं.

पहिल्या भट्टीतल्या फिक्या विटा ह्या भट्टीत मधोमध रचल्या. वीट कच्ची राहिली तर पुढच्या भट्टीत जाते, एवढी साधी गोष्ट आहे. खंगराचे गोळे घणानं फोडून खोलीच्या पायात भरले. खंगर पाणी पीत नाही, ओल वर चढू देत नाही. पायाला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पास्टरच्या नरकावर प्रार्थनेची खोली उभी राहणार, हे हिंमतराव येईल त्याला सांगत होता.

चौथ्या दिवशी माथा खाली बसला. बब्रुवाननं काडी लावली नाही, स्वतःची वीत लावली. पास्टरच्या हातात बाभळीचं लाकूड होतं, आत घालायला उचललेलं.

"बंद," बब्रुवान म्हणाला.

पास्टरनं लाकूड खाली ठेवलं आणि चिखलाची पाटी ओढली. चारी तोंडं त्यानं लिंपली. शेवटच्या तोंडावर दोनदा हात फिरवला.

एप्रिलच्या शेवटी हिंमतरावाच्या विहिरीजवळच्या हौदात बाप्तिस्मा ठरला. आदल्या दिवशी पास्टर फॉर्म घेऊन आला. निरसनाची जागा अजून कोरी होती. बब्रुवाननं त्याला काय लिहितो ते मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. पास्टरनं वाचलं : शंका आम्हा दोघांनाही आहे. निरसन झालेलं नाही. बाप्तिस्मा देत आहे.

"चालंल," बब्रुवान म्हणाला.

हौदात छातीभर पाणी होतं. पास्टरला बब्रुवानच्या गुडघ्यांची भीती, डोळ्याची भीती. त्यानं बब्रुवानला हलकेच धरून मागं झुकवलं, आणि लगेच उचललं. मंडळीनं आमेन म्हटलं. बब्रुवाननं टाळूवर हात फिरवला.

"माथा कोरडा ऱ्हायला. परत."

"काका, तेवढ्यानं होतं."

"अर्धं काम म्या घेत न्हाय."

दुसऱ्या खेपेला पास्टरनं त्याला पुरता बुडवला. बब्रुवान ठसकत, नाकातलं पाणी शिंकरत वर आला. दैवशालानं कठड्यावरून टॉवेल दिला.

"झालं तुझ्या मनासारखं," तो म्हणाला. "आता आईचं काय?"

"माझं चालू हाय तसं चालू. आता दोघं मिळून नाव घेऊ."

पास्टर अजून पाण्यातच होता. "एक नाव आणखी घ्याल का?" त्यानं विचारलं. दैवशालानं मान हलवली. कुणाचं ते तिनं विचारलं नाही.

पुढच्या रविवारी बब्रुवान पहिल्यांदा आत बसला. खोली अजून अर्धी होती, म्हणून हिंमतरावाच्या पडवीतच. पास्टरनं आपली खुर्ची घरून आणली होती. घोंगडी खाली अंथरली आणि खुर्ची गुडघ्यांसाठी बब्रुवानला दिली. उपासना झाली, सगळे बाहेर आले. लिंबाखाली कुणी नव्हतं. हिंमतरावाची डावी चप्पलही नव्हती. कुत्रं ती घेऊन रानात पळालं होतं.

हिंमतराव एका पायात चप्पल घालून, एक हात वर करून उभा राहिला. चाळीस वर्षांत मंडळीच्या दारातून चप्पल गेली नव्हती.

"पास्टर," तो म्हणाला, "नागूबाईला वर ठिवू नका, आन् खालीबी ठिवू नका. हितं दारात ठिवा."